समुद्र नाही, तरी पाणी खारट!

आपल्या जिल्ह्यात सोयरीक जमवताना मुलीकडची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, "गाव घाटावरचं की घाटाखालचं?" घाटाखालचं म्हटलं की दुसरा प्रश्न तयारच असतो, "मग पाणी कसं आहे?" मुलाचं शिक्षण, शेती, नोकरी हे सगळं त्याच्या नंतर. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या पूर्णाकाठच्या कितीतरी घरांत या एका प्रश्नावर बोलणी अडलेली मी पाहिली आहेत. बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी तर स्पष्टच सांगितलं, "ताई, आमच्या गावात पोरगी द्याले लोक मांगंपुढं पाह्यतात. पोराले काई खोट नाई, पान्याले हाय."

मैत्रिणींनो, हाच तो आपला खारपाणपट्टा. नाव सगळ्यांना माहीत, पण तो कुठून आला, किती जुना आहे, आपल्या आजेसासूबाईंनी त्यात संसार कसे केले, हे कुणी सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात लोणारचं सरोवर येतं (ते यायलाच हवं!), पण ज्या पाण्यावर हजारो घरांचा चहा रोज नासतो, त्याच्याबद्दल दोन ओळीसुद्धा सापडत नाहीत.

आधी आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू या. उत्तरेला सातपुडा. त्याच्या पायथ्याला गोटाळ, पाणी मुरणाऱ्या जमिनीची एक चिंचोळी पट्टी. सोनाळा, जामोदच्या बाजूच्या संत्र्याच्या बागा इथल्याच, आणि विहिरीचं पाणी गोड. त्याच्या खाली सपाट, काळीभोर, नजर पोचेल तिथपर्यंत एकसारखी जमीन, आणि तिच्या मधून पूर्व-पश्चिम वाहणारी पूर्णा. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट चढला की बुलढाणा, चिखली, मेहकर. जुन्या मोगली कागदांत वऱ्हाडच्या या दोन भागांना 'पायनघाट' आणि 'बालाघाट' म्हणत. आपण घाटाखाली आणि घाटावर म्हणतो तेच हे, चारशे वर्षांत फरक पडलेला नाही.

एक गंमत सांगते. आपल्या जिल्ह्याला पूर्णा दोन आहेत. घाटावरची खडकपूर्णा देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या बाजूने जाऊन शेवटी गोदावरीला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागराला. घाटाखालची पूर्णा सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि आपला जिल्हा ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला भेटते, म्हणजे तिचं पाणी अरबी समुद्राला. एकाच जिल्ह्यातल्या दोन पूर्णा, पण तोंडं दोन दिशांना!

खारपाणपट्टा या दुसऱ्या पूर्णेचा. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांवर तो पसरलेला आहे आणि त्यात नऊशेच्या आसपास गावं येतात. तो असा का झाला? सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन फार पूर्वी खचली. त्या खोलगट भागात नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. हा गाळ इतका जाड आहे की शेकडो फूट खणलं तरी आपल्याकडचा नेहमीचा काळा दगड लागत नाही. गाळ चिकण, जमीन सपाट, पाऊस बेताचा, ऊन रणरणतं. पाणी खाली निघून जात नाही, वर वाफ होऊन उडतं आणि क्षार मात्र मागे राहतात. आपण पातेल्यात पाणी आटवत ठेवलं की तळाला पांढरा थर बसतो ना, तसंच. काही जाणकार म्हणतात, फार प्राचीन काळी इथे समुद्राचा फाटा किंवा कोंडलेलं खारं तळं असावं. त्यावर अजून एकमत नाही. बायाबापड्या मात्र "इथं आधी समिंदर होता" असं अगदी आजोळची गोष्ट सांगावी तसं सांगतात.

या पाण्याची ओळख शास्त्रज्ञांच्या आधी चुलीला होते. तुरीची दाळ दोन तास रटरटली तरी बोटचेपी होत नाही. दूध घातलं की चहा फाटतो. साबणाला फेस नाही, केस धुतले की चिकट होतात, पांढऱ्या कपड्यांवर पिवळी झाक येते. तांब्याच्या हंड्याला आतून चुना लावल्यासारखा थर चढतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. पूर्णाकाठच्या कितीतरी विहिरी आणि हातपंप या दुसऱ्या रेषेच्याही पलीकडे आहेत. आणि इथे बोअर खोल नेऊन उपयोग नाही. खोल जावं तसं पाणी जास्तच खारट लागण्याची भीती.

मग आपल्या आधीच्या पिढ्या जगल्या कशा? हा प्रश्न मला नेहमी पडायचा. बी.ए.ला भूगोल होता तेव्हा हॉलंडचे पोल्डर पाठ केले होते. पुढे त्याच किनाऱ्याबद्दल वाचताना एक माहिती मिळाली आणि मला एकदम आपलं पायनघाट आठवलं.

हॉलंड आणि जर्मनीचा उत्तर समुद्राचा जो किनारा आहे, त्याला फ्रिसिया म्हणतात. जमीन आपल्यासारखीच सपाट, चिकण, खारट. फक्त तिथे समुद्र शेजारीच, दिवसातून दोनदा भरती. बांध घालायची कला येण्याआधी तिथली माणसं मातीचे उंच ढिगारे रचून त्यावर घरं बांधायची. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने अशी एक वस्ती पाहून लिहून ठेवलं की, चहूकडे पाणी असून या लोकांना प्यायला फक्त पावसाचं पाणी, तेही दारातल्या खड्ड्यात साठवलेलं. त्याला त्या लोकांची कीव आली होती. पण ती माणसं तिथेच टिकली. साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांनी समुद्राला बांध घालायला सुरुवात केली. १३६२ च्या वादळात रुंगहोल्ट नावाचं नांदतं गाव समुद्राने गिळलं, तरी उरलेल्यांनी पुन्हा बांध घातले.

आता आपल्याकडे या. पूर्णाकाठचं कुठलंही जुनं गाव बघा. ते उंचवट्यावर असतं. शेत म्हणजे काळी आणि गाव म्हणजे पांढरी. ही पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची राख, पडलेल्या भिंतींची माती, गुराढोरांचं शेण साचत साचत चढलेला उंचवटा. त्यावर गढी, गढीभोवती गाव. पूर्णेला, वानला किंवा मस-मनला पूर आला की काळी पाण्याखाली जाते, पांढरी वर राहते. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो अतिवृष्टीचा तडाखा बसला, त्या वेळी जुनं गावठाण आणि सखल भागातली नवी वस्ती यातला फरक कळावा असंच चित्र होतं.

आणि धाब्याची घरं! लाकडी सऱ्यांवर काड्या, त्यावर माती, आणि सगळ्यात वरचा थर खारवट पांढऱ्या मातीचा. ही माती भिजली की फुगून बारीक भोकं बुजवते, पाणी आत येऊ देत नाही. शेतात जो गुण वैरी, तोच छपरावर राखणदार. दर वर्षी आगोटीला बायका टोपल्यांनी ही माती धाब्यावर चढवत. कुठल्या खाणीतली माती चांगली हे सासू सुनेला सांगायची. हे ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही, आता पत्र्यांबरोबर ते चाललंच आहे.

पिण्यासाठी गावतळं, नदीच्या वाळूत खणलेले झिरे, आणि एखादी नशिबाने गोड लागलेली विहीर. त्या एका विहिरीवर अख्ख्या गावाचा जीव. 'गजानन विजय' ग्रंथात अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी लागल्याची कथा आहे ना, ती या मुलखात एवढी जिवाभावाची का, हे इथे चार दिवस पाणी भरल्यावर कळतं.

खाऱ्या पाण्याचाही एक इतिहास आहे, आणि तो मला फार आवडतो. पूर्वी पूर्णेच्या खोऱ्यात विहिरींचं खारं पाणी आटवून मीठ काढत. इंग्रजी अमलात हा धंदा बंद पडला. पुढे १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि देशभर सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडात समुद्र कुठला? तर अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीचं पाणी काढून लोकांनी मीठ तयार केलं आणि कायदा मोडला! ज्या पाण्याला आपण जन्मभर नावं ठेवतो, त्याने एवढं तरी पुण्य पदरात पाडून घेतलं म्हणायचं.

बाकीचा इतिहास कापसाचा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मलकापूर, नांदुरा, शेगाव असा लोहमार्ग आला, १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. खामगाव आणि जळगाव हे तालुके तेव्हा अकोल्यात होते, ते १९०५ मध्ये बुलढाण्याला जोडले गेले. रेल्वे आली, जिनिंग आले, व्यापारी आले. गोड पाणी तेवढं आलं नाही. कापसाला ते फारसं लागतही नव्हतं, पावसावर येतो बिचारा. कापूस वेचणारीला लागत होतं, पण तिचा हिशोब कोण धरतो?

खरं गोड पाणी आलं ते गेल्या काही दशकांत, नळाने. सातपुड्याच्या कुशीत वारी भैरवगडला वान नदीवर धरण झालं. त्यातून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. ज्या घरी हे पाणी नियमित येतं, त्या घरची बाई काय म्हणते ते ऐका: "दाय शिजते वं माय आता!" एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. पण दूरच्या टोकाच्या गावांत नळ कधी येईल त्यावर बायकांचा दिवस ठरतो. मजुरीला जायचं की नळाची वाट पाहायची? त्यातच वानचं पाणी सिंचनाला किती आणि पिण्याला किती, यावरून तेल्हारा-अकोट भागात शेतकऱ्यांची आंदोलनं झाली. दोघांचीही गरज खरी आहे, म्हणून तर हा तिढा सुटत नाही.

जिथे नळ पुरत नाही तिथे आता पाण्याचे जार आले. गावोगाव शुद्धीकरणाची यंत्रं बसली. चांगलीच सोय आहे, नाही म्हणणार नाही. पण ही यंत्रं गोड पाणी काढून घेताना उरलेलं जास्तच खारट पाणी बाहेर टाकतात. ते जातं कुठे? बहुतेक ठिकाणी नालीत, नालीतून त्याच जमिनीत. यावर एकाही ग्रामसभेत चर्चा झालेली मी ऐकली नाही.

आजारांबद्दल जपून बोलायला हवं. जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागात किडनीचे रुग्ण जास्त असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. डॉक्टर सांगतात, किडनी बिघडायला रक्तदाब, मधुमेह, सततच्या अंगदुखीच्या गोळ्या, उन्हात राबून पाणी कमी पिणं अशी बरीच कारणं असतात. पाण्याचा वाटा किती हे तपासणीनेच ठरेल. पण मला दिसतं ते असं, की खारट लागतं म्हणून बायका पाणीच कमी पितात. शेतात आडोसा नाही म्हणून आणखी कमी पितात. आणि संध्याकाळी पाठ दुखते म्हणून दुकानातून गोळी आणून घेतात. या तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या अंगावर पडतात.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, टक्कल पडू लागलं, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच आला. गावागावातून पाण्याचे नमुने गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. पाण्याला आपण आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं, म्हणून दुसरीकडे बघायचं राहून जातं. त्या दिवसांत तरुण मुली डोक्याला रुमाल बांधून घरात बसल्या होत्या. त्यांच्या शाळा-कॉलेजच्या बुडालेल्या दिवसांची मोजदाद कुणी केली असेल असं वाटत नाही.

आता शेतीचं बोलते, कारण घराचं चाक त्यावरच चालतं. इथली काळी दिसायला सोन्यासारखी, पण सोडियममुळे ती पावसाळ्यात फुगून चिकट होते, पाणी मुरू देत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. विहिरीचं खारं पाणी दिलं तर जमीन चोपण होते, म्हणून बागायत नाही. खरिपात कपाशी, तूर, मूग, उडीद, ज्वारी, आणि ओल टिकली तर हरभरा. जिप्सम टाकावं, ढेंच्याचं हिरवळीचं खत गाडावं, शेततळ्यात पावसाचं पाणी धरून पिकाला एक-दोन पाणी द्यावं, असं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगत आलं आहे. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही खारपाणपट्ट्यातली नऊशेहून जास्त गावं घेतली गेली. शेततळं झालेल्या शेतकऱ्याच्या घरी हरभऱ्याचं एक पीक तरी नक्की हाती येतं, हे मी हिशोबाच्या वह्यांत पाहिलं आहे. आमच्या गटांत कर्ज वेळेवर फेडणाऱ्या बायकांत अशी घरं बरीच आहेत.

यापुढे मोठं पाणी येणार म्हणतात. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचं काम कित्येक वर्षं चालू आहे, त्यासाठी गावं उठली. वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दहून चारशेवर किलोमीटरच्या कालव्याने आपल्या नळगंगेपर्यंत आणण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाणी येवो, आनंदच आहे. पण मला फ्रिसियातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तिथे बांधाइतकंच महत्त्व निचऱ्याच्या चराला असतं. बांधाला दारं ठेवलेली असतात, ओहोटी लागली की ती उघडतात आणि शेतातलं साचलेलं पाणी बाहेर जातं, भरती आली की मिटतात. पूर्वी बांधाचा आपला तुकडा राखणं प्रत्येक शेतकऱ्यावर बंधनकारक होतं. ज्याला ते झेपेना, त्याने बांधावर फावडं रोवून जमीन सोडायची, आणि जो ते फावडं उपसेल त्याची ती जमीन, बांधासकट. केवढा कडक कायदा!

आपल्याकडे पाणी आणण्याची भाषणं होतात, पाणी काढून देण्याचं कुणी बोलत नाही. फुगणाऱ्या, मुरू न देणाऱ्या जमिनीत कालव्याचं पाणी मोकळं सोडलं आणि निचऱ्याचे चर नसले, तर खालचे क्षार वर येतात आणि शेत चिबड होतं. मग ना कपाशी, ना तूर. ज्यांच्या नावावर सातबारा आहे अशा बायकांनी तरी ग्रामसभेत हा प्रश्न विचारावा: पाणी येईल तेव्हा चर कोण काढणार, आणि ते राखणार कोण?

तोपर्यंत काय? तोपर्यंत आपलं छप्पर आहेच. हिशोब साधा आहे, एकदा करून बघा. ३०० चौरस फुटांचं पत्र्याचं किंवा सिमेंटचं छप्पर धरा. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर साडेएकोणीस हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी पंधरा हजार लिटर हाती राहतं. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज ३० लिटर लागलं, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना साधारण सव्वासात हजार लिटर पुरतं. म्हणजे तेवढ्याच मापाची टाकी. एकटीला खर्च जड जाईल, पण गटातून दर वर्षी दोन-तीन घरांचं काम होऊ शकतं. आमच्याकडे एका गटाने भिशीसारखी चिठ्ठी टाकून सुरुवात केली. पहिल्या चिठ्ठीत नाव निघालं ते गटातल्या सगळ्यात तरुण सुनेचं, आणि सासूबाईंनी आधी विचारलं, "पावसाच्या पान्याची दाय गोड लागन का?"

धाब्याच्या घरावरून हे पाणी घेता येत नाही, माती येते. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, छप्पर धुतलं जाऊ द्यायचं. पन्हाळीच्या तोंडाला जाळी, मग वाळू-खडी-कोळशाचं गाळण, मग टाकी. टाकीला घट्ट झाकण हवंच, उजेड गेला की शेवाळ आणि फट राहिली की डास. पिण्याआधी उकळून किंवा औषध टाकून घ्यायचं. टाकीच्या बाजूला संडासाचा खड्डा नको. आणि तोटी अशा उंचीवर बसवून घ्या की घागर खाली मावेल. गवंडी ती नेहमी फार खाली लावतो, त्याला पाणी भरायचं नसतं ना!